कपाचा धनी

फुटबॉल म्हटलं की लोकांना कोल्हापूर आठवतं. आठवू द्या. पण ऐंशीच्या दशकात जळगावात, कापसाच्या जिनिंगमागच्या काळ्या मातीच्या पटांगणावर जो कप खेळला जायचा त्याची सर कोल्हापुरालाही नव्हती, असं लीलाधर कंडक्टर छातीठोकपणे सांगायचा. ऐकणाऱ्याने नुसती मान डोलावून भागायचं नाही. "बरोबर आहे" असं तोंडाने म्हणावं लागायचं. नाहीतर तिकीट फाडता फाडता गडी परत पहिल्यापासून सुरू करायचा.

लीलाधर जीवराम फेगडे मूळचा सावद्याकडचा, केळीवाल्या घरातला. उमेदीच्या वयात भुसावळच्या रेल्वेच्या पोरांबरोबर खेळताना गुडघा निकामी झाला. खेळणं संपलं, वेड मात्र गेलं नाही. एस.टी.त चिकटल्यावर त्याने चार टाळकी जमवली आणि १९८१ साली स्पर्धा सुरू केली. धुळ्याचे, भुसावळचे, अमळनेरचे संघ यायला लागले आणि हिवाळ्यात शेतातली भरीत-पार्टी सोडून लोक फुटबॉल बघायला बसायला लागले. आता खानदेशी माणूस भरीत सोडतो म्हणजे काय ते तुम्हीच समजा.

स्पर्धा म्हटली की कप आला, मंडप आला, खुर्च्या आल्या, लाउडस्पीकर आला, बाहेरगावच्या पोरांचं जेवण आलं. हे सगळं देणारा दरवर्षी एकच माणूस असायचा आणि कपाला त्याचंच नाव लागायचं. शिकलेले लोक त्याला प्रायोजक म्हणत असतील. आमच्याकडे त्याला म्हणायचे कपाचा धनी. धन्याचा मान ठरलेला होता. लाउडस्पीकरवरून त्याचं नाव पुकारायचं, फायनलची पहिली किक त्याने मारायची आणि शेवटी कप त्याच्याच हातून द्यायचा. डिसेंबर उजाडला की पानटपरीपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत एकच चौकशी, "यंदा कपाचा धनी कोन हाये?"

एकेक धनी असा होऊन गेला की विचारू नका. पहिला होता एक सराफ. त्याने चांदीचा कप दिला, खऱ्या चांदीचा. पण शेवटी जात सराफाची. देताना त्याने कप सगळ्यांसमोर काट्यावर ठेवला आणि वर्षाने परत आला तेव्हा पुन्हा ठेवला. जिंकलेल्या संघाचा कॅप्टन बिचारा वर्षभर त्या कपाला फडकंसुद्धा लावायला भीत होता, घासला तर वजन घटायचं म्हणून. मग सावद्याचा एक केळीचा व्यापारी आला. त्याने जाहीर केलं, जो गोल मारेल त्याला एक अख्खा घड. भुसावळच्या एका पोराने एकाच सामन्यात तीन गोल ठोकले आणि त्याला घरी जायला हातगाडी करावी लागली. त्याच्या गल्लीतल्या म्हशीसुद्धा आठवडाभर केळीवर होत्या म्हणतात.

त्यानंतरचा पाइपवाला. हा खरा उपकारकर्ता. तोवर गोलाचे खांब बांबूचे होते. बॉल जोरात लागला की खांबच कोसळायचे आणि गोल झाला की नाही यावर मारामारी जुंपायची. या माणसाने लोखंडी पाइपचे खांब काँक्रीटमध्ये रोवून दिले आणि मारामाऱ्या थांबल्या. काही जुन्या मंडळींना त्यामुळे खेळातली मजा गेल्यासारखी वाटली, ते सोडा. आणि थिएटरवाला धनी तर कोणीच विसरणार नाही. पहिली किक मारायला तो नवे कोरे बूट घालून आला. बॉल राहिला जागेवर, बूट गेला गोलात. पंचाने शिट्टीही वाजवली.

हे सगळे धनी लीलाधरने शोधले कुठे? बसमध्ये. दुसरं कुठे शोधणार? जळगाव–यावल–फैजपूर–सावदा ही त्याची रोजची गाडी. कोणाच्या घरी लग्न निघालं, कोणाची केळी यंदा दिल्लीला गेली, कोणाला गावात चार लोकांनी ओळखावंसं वाटायला लागलंय, हे कंडक्टरला जितकं कळतं तितकं गावच्या पाटलालाही कळत नाही. असं गिऱ्हाइक हेरलं की लीलाधर त्याला स्वतःची कंडक्टरची सीट द्यायचा आणि साकळी येईपर्यंत कपाचा विषय काढलेला असायचा. एवढी वर्षं झाली, पण स्वतःचं नाव त्याने कधी पत्रकावरही छापू दिलं नाही.

एक खोड मात्र होती त्याला, आणि तीही धंद्यातूनच आलेली. कोणाला नाही म्हणणं त्याला जमायचं नाही. गाडीत पाय ठेवायला जागा नसली तरी खालच्या माणसाने "जागा हाये का?" विचारलं की याच्या तोंडून निघायचंच, "हाये ना, या वर. सरका हो मागे." आणि गंमत म्हणजे एकदा हो म्हटलं की तो माणूस गाडीत मावायचाच. लीलाधरला त्याचा अभिमान होता. माझ्या गाडीने रस्त्यात कोणाला टाकून दिलं नाही, असं तो म्हणायचा.

१९८९ च्या हिवाळ्यात हीच खोड त्याच्या अंगाशी आली.

त्या वर्षी ठरलेला धनी ऐनवेळी मागे सरला. नोव्हेंबर संपत आला तरी कपाला धनी नाही. आठ वर्षं न चुकता झालेला कप नवव्या वर्षी मोडतो की काय, या काळजीने लीलाधरचं तोंड उतरलं होतं. साकळीच्या थांब्यावर बेबाबाई नेहमीसारखी वांग्यांच्या पाट्या घेऊन चढली. हिरवी, पांढुरकी, लांबट भरताची वांगी. जळगावच्या बाजारात ती वांगी विकायची, आणि सामने असले की पटांगणाच्या कडेला कपाशीच्या काटक्यांचा जाळ करून भरीत लावायची. तिच्या भरताची ख्याती धुळ्यापर्यंत होती. पण तिची खरी ओळख वेगळीच. सामना हरलेल्या संघाला ती आपणहून भरीत-पुरी वाढायची. कोणी पैसे काढले की म्हणायची, "जिंकलेल्याले सारेच जेवू घालता. हरलेल्याले कोन विचारतं?"

"भाऊ, असं तोंड काहून पाडलं?" तिने विचारलं.

"कपाले धनी नही यंदा, अक्का."

बेबाबाईने पाट्या सीटखाली सरकवल्या. मग म्हणाली, "मी होऊ का धनी? जागा हाये का?"

गाडीत दोघंतिघं हसले. लीलाधरही हसला आणि सवयीने बोलून गेला, "हाये ना, अक्का. व्हा की." आणि पुढच्या माणसाचं तिकीट फाडायला वळला.

आठवड्याभरात सावद्याला एक चमत्कार झाला. भाईदास शेठ, मोठ्या डाळमिलचे मालक, जीप बिघडली म्हणून एस.टी.त चढले. उभ्या माणसांत शेठ घामाघूम. लीलाधरने लगेच स्वतःची सीट दिली, तिच्यावरची पिशवी उचलली, पंच्याने जागा झाडून दिली. जळगाव येईतो शेठ खूश. उतरताना म्हणाले, "यंदाचा कप माझा. मंडप, खुर्च्या, चार कर्णे, आणि जिंकणाऱ्या पोरांना तूरडाळीचा भरलेला एकेक कट्टा. जागा आहे ना?"

"हाये ना, शेठ," लीलाधर म्हणाला. त्याच्या डोक्यातून बेबाबाईचं बोलणं पार पुसलं गेलं होतं. थट्टा होती ती, असंच त्याने धरलं होतं. पत्रकं छापली गेली, 'भाईदास चषक'. कमिटीचे अध्यक्ष छगनभाऊ तर असे फुशारले की जणू डाळमिल त्यांचीच.

आणि मग फायनलच्या आदल्या आठवड्यात बेबाबाई साकळीला चढली ती वांग्यांशिवाय. मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. लीलाधर जवळ आला तेव्हा तिने लुगड्याचं एक टोक बाजूला केलं. आत पितळी कप होता. उंच, पोटाला फुगीर, दोन्ही बाजूंना घागरीच्या कड्यांसारखे कान. चिंच लावून असा घासलेला की गाडीच्या टपाचा पत्रा त्यात दिसत होता.

"फैजपूरच्या तांबटाकडून करून आणला," ती हळूच म्हणाली. "मह्या लग्नातला हंडा होता, भाऊ. बापाने देयेल. तांबटाले सांगितलं, बाकी काय कापायचं ते काप, नावाले हात लावू नको."

कपाच्या पोटावर, लग्नाच्या भांड्यावर घालतात तसं, टिंबाटिंबांनी ठोकलेलं होतं: चि. बेबाबाई हीस वडिलांकडून.

"मह्यं नाव फक्त एवढ्याच जागी हाये," बेबाबाई म्हणाली. "सासरी आली तशी निंबाची बायको झाली. बाजारात गेली तं वांगीवाली. मह्या बापाने हौसेने ठेवेल नाव भोंग्यावरून एकदा ऐकू द्या म्हटलं. निंबालेही सांगून ठेवलं, सारं गाव येणार हाये."

 लीलाधरने तिकीट फाडलं, पैसे घेतले, सुटे चुकीचे दिले.  गाडी जळगावला लागली आणि बाकी सगळे उतरले तेव्हा त्याने धीर करून शब्द जुळवले. "अक्का, असं करू का? मोठा कप शेठचा जिंकणाऱ्याले, आणि तुमचा हा दुसऱ्या नंबराले. तुमचंही नाव घेऊ मधी कुठीतरी."

बेबाबाईने कप परत लुगड्यात गुंडाळला. रागावली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "भाऊ, तुम्ही जागा हाये म्हटलं होतं." आणि उतरून गेली.

हे वाक्य लीलाधरला जे लागलं ते सांगता सोय नाही. कोणी शिव्या घातल्या असत्या तर तो परत दोन घालून मोकळा झाला असता. पण त्याच्या गाडीत खिडकीतून कोणी नुसता रुमाल टाकला तरी ती जागा त्याची धरली जायची. मग वर फौजदार का चढेना. रुमालवाल्याला उठवणाऱ्याशी लीलाधर हमरीतुमरीवर यायचा. आणि आज त्यानेच रुमाल उचलून फेकला होता, समोरचा मोठा माणूस आहे म्हणून. स्वतःची इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

ड्युटी संपल्यावर तो युनिफॉर्मवरच डाळमिलमध्ये गेला. शेठ गादीवर होते. डाळीची सगळी धूळ उडून त्यांच्या टोपीवर बसलेली. लीलाधरने काही आडपडदा ठेवला नाही. "शेठ, चूक माझी. तुमच्या आधी एकीला हो म्हटलं होतं. कप तिचा."

"कोणाचा?"

"बेबाबाईचा. साकळीच्या."

शेठनी जरा आठवून बघितलं. "ती भरीतवाली? अरे लीलाधर, वांगी चषक म्हणतील लोक. हसतील तुला."

"हसू द्या, शेठ. हसून झालं की भरीत खातील."

"माझं नाव छापून झालंय."

"माझा शब्द त्याच्या आधी देऊन झालाय."

शेठचा चेहरा लाल झाला. आवाज न चढवता त्यांनी मुनिमाला सांगितलं, मंडपवाल्याला नाही म्हणून कळव, कर्णेवाल्यालाही. डाळीचे कट्टे गाडीतून उतरव. लीलाधरने हात जोडले आणि बाहेर पडला. मान सरळ होती. बाहेर येऊन त्याने डाळीच्या धुळीने दोनदा शिंकून घेतलं आणि मगच सायकलवर बसला.

छगनभाऊंनी त्याला कमिटीसमोर उभं करून झाडलं. आठ वर्षांचं नाव तू एका वांगीवालीपायी मातीत घालतोस, बिनमंडपाची फायनल कोणी पाहिली आहे का, धुळ्याची माणसं काय म्हणतील. लीलाधर म्हणाला, "मंडपाखाली फुटबॉल खेळत नाहीत, छगनभाऊ." छगनभाऊ यावर आणखी चिडले.

फायनलच्या रविवारी पटांगण उघडंबोडकं होतं. ना मंडप, ना खुर्च्या, ना कर्णे. सावद्याकडच्या लोकांनी ट्रकभर केळीची पानं आणली, ती अंथरून माणसं बसली. साकळीहून खच्चून भरलेल्या दोन गाड्या आल्या. निंबा नवं धोतर नेसून, बायकोची पाटी डोक्यावर घेऊन चालत होता आणि भेटेल त्याला सांगत होता, "ते पुढं चालली ना, ते मही मालकीण." धुळ्याचा संघ आणि भुसावळचा संघ समोरासमोर उभे राहिले. मधोमध बॉल, आणि बॉलजवळ बेबाबाई. हिरवं लुगडं, पायात काही नाही, हातात कप.

आता धन्याचं नाव पुकारायची वेळ, आणि पुकारायला कर्णाच नाही. छगनभाऊ मुद्दाम दुसरीकडे बघत होते. लीलाधर युनिफॉर्म घालूनच आला होता. तो पाण्याच्या उलट्या पिंपावर चढला, गुडघा कुरकुरला तरी चढला, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि ज्या आवाजात अर्धं आयुष्य यावल, फैजपूर, सावदा ओरडला होता त्याच आवाजात, त्याच चालीत, पुकारलं, "यंदाचा कपाचा धनी, बेबाबाई निंबा वारके, राहणार साकळी, तालुका यावल!"

पुढच्या रांगा हसल्या. ती चाल सगळ्यांच्या ओळखीची होती. पण मागच्यांना ऐकू गेलं नाही. "कोन? कोन म्हटलं?" अशी विचारणा झाली आणि पुढचे वळून मागच्यांना सांगायला लागले, "बेबाबाई." त्यांनी त्यांच्या मागच्यांना सांगितलं. धुळेकरांच्या कोपऱ्यात कोणीतरी विचारलं, "कोन शे?" आणि दहा जणांनी उत्तर दिलं, "बेबाबाई शे, आपली भरीतवाली माय." नाव या टोकाकडून त्या टोकाकडे, जिनिंगच्या भिंतीपर्यंत, भिंतीवर बसलेल्यांपर्यंत गेलं आणि गोल फिरून परत आलं. कर्ण्यावरून ते एकदा म्हटलं गेलं असतं आणि संपलं असतं. आता ते अख्ख्या पटांगणाच्या तोंडात होतं. बेबाबाई मधोमध उभी राहून चारी बाजूंनी आपलं नाव ऐकत होती आणि पदराने डोळे पुसायचंही तिच्या ध्यानात नव्हतं.

पंचाने खूण केली तशी ती भानावर आली. कप निंबाच्या हातात दिला. बॉलकडे बघितलं, वाकली, बॉलला हात लावून तो कपाळाला लावला. पाय लावायचा तर आधी माफी मागायला नको का? आणि मग लुगडं जरा वर खोचून अशी किक हाणली की बॉल सरळ धुळ्याच्या सेंटर फॉरवर्डच्या छातीवर. थिएटरवाल्याचा बूट त्या दिवशी सगळ्यांना पुन्हा आठवला.

सामना धुळ्याने जिंकला. कप घेताना त्यांच्या कॅप्टनने टिंबाटिंबांचं नाव बोटाने वाचलं आणि बेबाबाईच्या पाया पडला. "माय, हाऊ कप आम्ही बठ्ठा गावले दखाडसूत," म्हणाला. अख्ख्या गावाला दाखवू म्हणे. भुसावळची पोरं माना खाली घालून भरताच्या जाळाकडे निघाली, कारण तिथे त्यांची पानं मांडलेली होती. त्या पंगतीच्या शेवटी, पांढरी टोपी काढून मांडीवर ठेवलेला एक माणूस बसला होता. भाईदास शेठ. लीलाधर पुरी वाढायला गेला तेव्हा शेठनी वर न बघता विचारलं, "पुढच्या वर्षाची जागा आहे का रे?"

"हाये ना, शेठ," लीलाधर म्हणाला. "तुमचा रुमाल पडला, असं समजा." पुढच्या वर्षी कप शेठचाच झाला आणि कट्टेही मिळाले. लीलाधर रिटायर होईतो, शहाण्णवपर्यंत, कप एकदाही मोडला नाही. पण जुनी माणसं वर्ष सांगताना आजही म्हणतात, बेबाबाईच्या कपाच्या आधी की नंतर.

लीलाधरला स्वतःला मात्र फायनलपेक्षा दुसऱ्या दिवशीची सकाळ जास्त लक्षात राहिली. साकळीला बेबाबाई चढली, नेहमीच्या पाट्या घेऊन, कालचं काही झालंच नाही अशी. मागोमाग तिच्याच गावचे म्हातारे सुकदेव आबा काठी टेकत चढले. त्यांना फुटबॉलचं सोयरसुतक नव्हतं. तिला बघून म्हणाले, "ए निंबाच्या बायको, सरक जरा."

बेबाबाई सवयीने सरकायला लागली. तेवढ्यात मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, "आबा, नाव हाये त्यांले. बेबाबाई." कोण बोललं ते लीलाधरला दिसलं नाही. गाडीत कोणी हसलं नाही. आबांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरं बापा. बेबाबाई, सरक जरा."

ती सरकली. लीलाधरने दोघांची तिकिटं फाडली. हे आपल्या गाडीत झालं, असं त्याच्या मनात परत परत येत होतं. मग त्याने दोरी दोनदा ओढली, घंटी वाजली आणि गाडी जळगावकडे निघाली.